मुका ट्वीटर आणि अभिरुचीचा ऱ्हास

'बेसच्या खोक्याला ट्वीटर लागतोच कशाला?' हे वाक्य कागल परिसरात प्रश्नाच्या सुरात उच्चारले जात असले तरी तो प्रश्न नसतो, निकाल असतो. पंधरा इंची वूफरच्या डोक्यावर खोक्यात एक लहानसा कर्णा बसवलेला असतो. तो मुका झाला आहे हे कोणी लक्षात आणून दिले, की बेंजोवाला, मंडळाचा कार्यकर्ता आणि हॉलचा व्यवस्थापक हे तिघेही हेच वाक्य तोंडावर टाकतात. ज्यांनी त्याला हरकत घ्यायची ते आपण, म्हणजे साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक, ह्याहून मोठा निकाल लावून मोकळे होतो : समाजाची अभिरुचीच खालावली आहे. दोन्ही निकालांत एक गोष्ट समान आहे. खोका कोणीच उघडलेला नसतो. प्रस्तुत लेखाचा रोख दोन्हींवर आहे. अधिक करून दुसऱ्यावर, कारण तो आपल्या घरचा आहे.

(ट्वीटर म्हणजे उंच पट्टीचे ध्वनी काढणारा छोटा स्पीकर. तशाच नावाच्या संकेतस्थळाशी त्याचा संबंध नाही. त्या संकेतस्थळाने तर २०२३ साली ते नावही टाकून दिले. खोक्यातल्या ट्वीटरचे नाव मात्र टिकून आहे, तो बोलत नसला तरी.)

नावांचा विषय निघालाच आहे तर 'डॉल्बी' ह्या शब्दाकडे पाहावे. कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या पट्ट्यात डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली खोक्यांची भिंत आणि तिच्यातून निघणारा, छातीच्या पिंजऱ्यात शिरणारा ठोका. वर्तमानपत्रे 'डॉल्बीमुक्त मिरवणूक' असा शब्दप्रयोग सर्रास करतात. पण रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये जी कंपनी काढली तिची पहिली कीर्ती कशासाठी होती? ध्वनिफितीवरची सरसर कमी करण्यासाठी. घरगुती कॅसेटसाठी पुढे प्रचलित झालेल्या पद्धतीत तर मुद्रणाच्या वेळी हळू आणि उंच पट्टीचे ध्वनी मुद्दाम उचलून धरले जात आणि वाजवताना तेवढेच खाली आणले जात, म्हणजे फितीच्या सरसरीत ते बुडू नयेत. थोडक्यात, बारीक आवाजांना वाचवण्याच्या युक्तीचे नाव होते ते. आपल्याकडे ते नेमके बारीक आवाज गिळणाऱ्या वस्तूला चिकटले. अर्थापकर्षाचे उदाहरण म्हणून भाषाविज्ञानाच्या तासाला हे सांगायला हरकत नाही. पण तेवढ्यावर खुश होऊन थांबू नये.

बेसच्या खोक्यात उंच आवाजाचे काम काय, ह्याचे उत्तर आधी दिले पाहिजे. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला कंप पावते. हा तिचा पाया. पण स्वर नेमक्या कोणत्या क्षणी सुरू झाला हे कानाला पाया सांगत नाही. ते सांगते बोटाचे तारेवरून सुटणे, तारेचे पट्टीवर आपटणे, नखाचा ओरखडा. हे ध्वनी कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जातात. ते गेले की उरतो तो केवळ हुंकार. बेस वाजवणारा चांगला आहे की वाईट, हे ओळखण्याची सोयच मग राहत नाही. आणि ही सोय नाहीशी होणे काही वाजवणाऱ्यांच्या पथ्यावरच पडते, हेही खरे.

हे तत्त्व पाश्चात्त्य वाद्यांपुरते आहे असे समजू नये. कोल्हापूरकडची हलगी घ्या. कुस्तीच्या मैदानात हलगी एकटी येत नाही. तिच्या बरोबर घुमके असते आणि कैताळ असते. घुमके तळ धरते, हलगी मधली जागा कडकडत भरते आणि कैताळाचे धातू वरून किणकिणत सगळ्यांना वेळ दाखवते. आजच्या भाषेत बोलायचे तर घुमके हा वूफर आणि कैताळ हा ट्वीटर. ज्यांनी हा ताफा जमवला त्यांच्यापैकी कोणी 'घुमक्याला कैताळ कशाला?' असे विचारल्याचे ऐकिवात नाही. ढोलकीतही एका तोंडाचा घुमारा आणि दुसऱ्याची थाप ह्यांचा संवाद असतो. तेव्हा खालच्या सुरालाच खरा जोर मानणारी ही 'लोकाभिरुची' परंपरेतून आलेली आहे, असे जे मोठ्या सहानुभूतीने सांगितले जाते, ते परंपरेवर आळ घेण्यासारखे आहे.

कागलच्या संदर्भात तर हा आळ अधिकच बोचतो. हे आनंद यादवांचे गाव. 'झोंबी' (१९८७) लिहिणाऱ्या, त्यासाठी १९९०चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळवणाऱ्या, आणि ह्या मातीतल्या बोलीचे उच्चार कागदावर उमटवण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या लेखकाचे. त्यांच्या 'नटरंग' ह्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा चित्रपट १ जानेवारी २०१०ला प्रदर्शित झाला आणि अजय-अतुल यांनी त्यासाठी केलेल्या लावण्या पुढे गावोगावच्या खोक्यांतून घुमल्या. घुमल्या हेच क्रियापद योग्य. कारण लावणीतले घुंगरू, तुणतुण्याची तार, ढोलकीच्या थापेचा कडक काठ ह्यांचा प्राण उंच पट्टीत असतो. मुक्या ट्वीटरच्या खोक्यातून ती ऐकणारा तमाशाचा अर्धाच ताफा ऐकतो, आणि पायांतले चाळ ज्याने ऐकलेच नाहीत त्याने 'लावणीत आता फक्त धांगडधिंगा उरला' असे मत देणे म्हणजे, असो.

पण वाद्यांपेक्षाही शब्दांचे नुकसान मोठे आहे, आणि इथे साहित्याच्या माणसाने कान टवकारायला हवेत. स्वर हे तुलनेने खालच्या पट्टीत राहतात. आवाजाचा जोर तेच वाहून नेतात. शब्दाची ओळख मात्र बरीचशी व्यंजनांवर असते, आणि स, श, च, फ, ख ह्यांसारख्या व्यंजनांचा घर्षणाचा अंश वर असतो. 'स'ची बहुतेक शक्ती ४,००० हर्ट्झच्या वरच असते. 'श' त्याहून खाली, २,००० ते २,५०० हर्ट्झपासून सुरू होतो. अशा खोक्यांत वूफरचे काम संपून ट्वीटरचे सुरू होण्याची सीमा सामान्यतः २,००० ते ३,५०० हर्ट्झच्या दरम्यान असते. ट्वीटर गेला की 'श' लंगडतो आणि 'स' जवळजवळ मरतो.

मराठीत ह्याचा एक खास परिणाम होतो. आपल्याकडे च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांत भेद करत नाही. 'थोडेसे' ह्या अर्थाचा 'जरा' आणि 'म्हातारपण' ह्या अर्थाचा 'जरा' कागदावर जुळे भाऊ आहेत. दंतमूलीय आणि तालव्य हा फरक केवळ मुखात आहे. 'चमचा'तला च आणि 'चाक'मधला च यांचेही तेच. हा फरक घर्षणाच्या पट्टीचा फरक आहे, म्हणजे नेमका ट्वीटरच्या हद्दीतला. जे लिपीने सांभाळले नाही ते जिभेने सांभाळले. आणि जिभेने सांभाळलेले आपण एका जळालेल्या कॉइलच्या हवाली करतो. ग्रामीण साहित्य संमेलनात बोलीतली कथा वाचणारा लेखक व्यासपीठावर जीव तोडून उच्चार सांभाळत असतो आणि खाली बसलेल्या अध्यापकांच्या कानांवर एक ओली गुणगुण पडत असते. 'अलीकडच्या लेखकांना वाचनाची शिस्त नाही' हा अभिप्राय मग चहाच्या वेळी दिला जातो.

मुका ट्वीटर लवकर लक्षात का येत नाही? कारण आवाज कमी होत नाही. संगीतातली बहुतांश ऊर्जा खालच्या पट्टीत असते. ट्वीटरच्या वाट्याला तिचा लहानसा हिस्सा येतो. तो हिस्सा गेल्याने मोठेपणा घटत नाही, स्पष्टपणा घटतो. आणि इथे मराठी भाषाही आपल्याला थोडी दगा देते. कानावर आवाजच पडत नसेल तरी आपण 'ऐकू येत नाही' म्हणतो, आणि आवाज पडतो पण शब्द उमगत नाहीत तेव्हाही 'ऐकू येत नाही'च म्हणतो. मागच्या रांगेतून कोणी हे वाक्य ओरडले की यंत्रावर बसलेला मुलगा त्याचा पहिला अर्थ घेतो आणि मूठ वर ढकलतो. खालचा ठोका वाढतो. खालचे ध्वनी वरच्या ध्वनींना झाकतात, उलटे फारसे होत नाही, हा कानाचा गुणधर्म आहे; म्हणून शब्द आणखी बुडतात. पुन्हा कोणी ओरडतो. पुन्हा मूठ वर. शेवटी अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर जातो, आणि रांगेतल्या ज्या एकदोन खोक्यांचे ट्वीटर जिवंत होते तेही त्या रात्री जळतात.

म्हणजे कलकलाटाचे एक कारण खुद्द अस्पष्टता आहे. सगळा कलकलाट त्यातून येतो असे माझे म्हणणे नाही. चढाओढ आहे, पैसा आहे, पुढारी आहेत. पण मंडपातल्या, हॉलमधल्या, कीर्तनातल्या नित्याच्या गोंगाटाचा मोठा भाग असा बिघाडातून वाढत गेलेला असतो. 'गोंगाट' ह्या विषयावर मराठीत दर भाद्रपदात लिहिले जाणारे ललित-वैचारिक लेख हे कारण कधी पाहत नाहीत. त्यांची सामग्री ठरलेली असते : एक म्हातारी आजी, एक तान्हे मूल, एक अभ्यासू विद्यार्थी, आणि डेसिबलचा आकडा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी. सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००५चा निर्णय. हे सारे खरे. परंतु ह्या मर्यादा 'ए' प्रकारच्या मोजणीत दिल्या आहेत, आणि त्या मोजणीत खालच्या ध्वनींना मोठी सूट मिळते : ६३ हर्ट्झचा ठोका तिच्यात तब्बल २६ डेसिबलने कमी धरला जातो. ज्या ठोक्याविरुद्ध लेख लिहिला त्यालाच आपल्या हातातले मापक कमी लेखते, हे लेखकाला ठाऊक नसते. आकडा त्याने तपासलेला नसतो, सजवलेला असतो. खोका न उघडण्याचीच ही दुसरी तऱ्हा.

आता खोका उघडू. ह्यातला तपशील साहित्यविषयक लेखात कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की पाठचिकित्सेत आपण जे करतो, म्हणजे भ्रष्ट पाठ पाहून लगेच दुरुस्ती न सुचवता भ्रष्टता कोणत्या पायरीवर शिरली ते मागे मागे जाऊन शोधतो, त्याचीच ही रीत आहे.

पहिली पायरी सर्वांत कमी कष्टाची, आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित. बहुतेक बेसच्या खोक्यांच्या पाठीवर ट्वीटरसाठी वेगळी मूठ असते. ती कोणीतरी शून्यावर नेऊन ठेवलेली असू शकते. नसली, तरी वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्याने आतल्या पट्टीवर गंज धरतो आणि संपर्क तुटतो. मूठ दहाबारा वेळा पूर्ण फिरवावी. खरखर ऐकू येऊन ट्वीटर मध्येच बोलला, तर रोग सापडला. मग हळू आवाजात स्टेशन न लागलेल्या रेडिओची सरसर खोक्यातून सोडावी आणि जाड कागदाची नळी करून तिचे एक टोक कर्ण्यापाशी, दुसरे कानाशी धरावे. वूफर इतका बोलका असतो की उघड्या कानाला ट्वीटर बोलतो आहे असा भास सहज होतो. नळी तो भास दूर करते. आवाज हळूच ठेवायचा; कान आपला आहे.

इथेही शांतता असेल तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, वायर काढून मग स्क्रू सोडवावेत. (ज्या खोक्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर आणि घरची वीज असते त्याला जाणकाराशिवाय हात लावू नये.) लोखंडी स्क्रूड्रायव्हर वूफरच्या चुंबकाकडे खेचला जातो आणि कागदी कोनातून आरपार जातो, छोट्या बिघाडाचा मोठा करण्याचा हा राजमार्ग आहे. कोणत्या रंगाची वायर कोणत्या टोकाला होती ते लिहून ठेवावे. मग ट्वीटरची दोन्ही टोके मोकळी करून मल्टीमीटरने रोध मोजावा. आठ ओम लिहिलेला ट्वीटर शाबूत असेल तर मीटर साधारण पाच ते सात ओम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटली.

मात्र इथे एक सापळा आहे. स्वस्त खोक्यांत बऱ्याचदा पीझो जातीचा ट्वीटर असतो. त्यात कॉइल नसतेच. विजेने थरथरणारी एक पातळ चकती असते. मीटरच्या दृष्टीने ती कायमच तुटलेली, कारण तिच्यातून सरळ प्रवाह जात नाही. म्हणजे मीटर 'मेला' म्हणतो आणि ट्वीटर ठणठणीत असतो. असे किती चांगले पीझो केवळ मीटरच्या साक्षीवर भंगारात गेले असतील! पीझोची परीक्षा एकच : जिवंत खोक्याच्या ट्वीटरच्या जागी तो जोडून हळू आवाजात ऐकणे. एका जातीच्या वस्तूसाठी केलेले मोजमाप दुसऱ्या जातीला लावून तिला मृत घोषित करणे हा प्रकार समीक्षेत आपण पाहिला आहे. नागर कथेची फूटपट्टी ग्रामीण कथेला लावणारे जे समीक्षक होऊन गेले, त्यांच्या हाती मीटर होता. समोरचा ट्वीटर कोणत्या जातीचा हे त्यांनी विचारले नाही.

ट्वीटर शाबूत निघाला तर दोष मागे, क्रॉसओव्हर नावाच्या छोट्या पट्टीवर आहे. तिचे काम वाटपाचे : खालचे ध्वनी वूफरला, वरचे ट्वीटरला. ट्वीटरच्या वाटेवर तिथे एक कपॅसिटर असतो, एखादा रोधक असतो आणि पुष्कळदा मोटारीच्या दिव्यासारखा एक लहान बल्ब असतो. हा बल्ब उजेडासाठी नसतो. जादा प्रवाह आला की तो तापतो, त्याचा रोध वाढतो आणि ट्वीटरवरचा मार तो स्वतः झेलतो. कधी झेलता झेलता फुटतो. शिवाय ही पट्टी रात्रंदिवस वूफरच्या हादऱ्यांत राहते. ट्रॉलीतून दगडी रस्त्याने फिरते. सोल्डर केलेल्या जोडांना केसासारख्या चिरा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. बोटाने भाग हळूच हलवला की ट्वीटर क्षणभर येतो आणि जातो.

इथे जे 'जुगाड' होते त्याच्याविषयी मात्र मला सहानुभूती नाही. बल्ब फुटला की त्याच्या जागी तार मारणे ही आपल्याकडची लाडकी दुरुस्ती. खोका लगेच बोलू लागतो, पैसे लगेच मिळतात. संरक्षण काढून घेतलेला ट्वीटर पुढच्याच मिरवणुकीत जळण्याच्या वाटेला लागतो. दुसरा जुगाड कपॅसिटरचा. जुन्या टीव्हीतला, धन-ऋण टोके असलेला कपॅसिटर इथे चालत नाही. दोन्ही दिशांचा प्रवाह सोसणारा, आणि मूळ किमतीचाच हवा. ही किंमत म्हणजे सीमारेषा आहे. आठ ओमच्या ट्वीटरमागे एकटा ६.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर सीमा सुमारे २,९०० हर्ट्झला पडते. 'थोडा मोठा टाकला तर काय बिघडते?' सीमा खाली सरकते, जे ध्वनी वूफरने वाहायचे ते ट्वीटरच्या अंगावर येतात, आणि त्याला ते पेलत नाहीत. जुगाडाचे गोडवे गाणारे लेख शहरात लिहिले जातात. त्याचा खर्च गावातल्या कलावंताच्या गळ्यावर पडतो, कारण माइकसमोर ओरडायला त्यालाच लागते.

कॉइलच जळाली असेल, तर पुष्कळ कर्ण्यांत कॉइलसह पडदा बदलता येतो. चुंबकाची फट अतिशय अरुंद असते. चिकटपट्टीची कड तिच्यात फिरवून जळालेले कण काढावेत, त्याच जातीचा पडदा नेमका मध्यावर बसवावा. इतके करून प्रश्न उरतोच : जळाली का? 'मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने' हे लोकप्रिय उत्तर अर्धे आहे. कुवतीपलीकडे ताणलेला लहान अ‍ॅम्प्लिफायरही तितकाच घातक असतो. लहरींचे माथे तो सपाट कापतो. कापलेल्या लहरीत मुळात नसलेले उंच ध्वनी निर्माण होतात आणि सरासरी शक्तीही वाढते. हे सगळे जाऊन आदळते ते ट्वीटरवर. माइकच्या शिट्टीनेही हेच होते. तेव्हा मूठ कोठवर न्यायची हे यंत्रावरच्या मुलाला सांगितल्याखेरीज दुरुस्ती पुरी झालेली नसते. ते सांगण्याचे कोणी पैसे देत नाही, हा भाग निराळा.

हे ज्ञान हलके मानण्याची सवय आपल्याला कधी लागली? कागलपासून कोल्हापूर किती लांब? त्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' (१९२०) चित्रित केला. पडदे रंगवणारा हात आणि यंत्राचे दाते घासणारा हात हे तेव्हा एकाच माणसाचे होते, आणि त्याला 'कलामहर्षी' म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही. आज कलेविषयी बोलणारे आम्ही एकीकडे, आणि ज्या खोक्यातून आमचे बोलणे लोकांपर्यंत जाते तो जाणणारा दुसरीकडे, चौकातल्या सहा फुटी दुकानात. चर्चासत्राच्या आभारप्रदर्शनात मंडपवाल्याचे नाव घेतले जाते; 'स' ऐकू येत होता तो कोणामुळे, हे आभार मानणाऱ्याला माहीत नसते.

एक आक्षेप उरतो. 'लोकांना ठोकाच हवा आहे. ट्वीटर दुरुस्त केला तरी ते वूफरच वाढवतील.' असेलही. पण ज्याला निवड करण्याची संधीच मिळालेली नाही त्याच्या निवडीवर निकाल देता येत नाही. दहाबारा वर्षांचा जो मुलगा पहिल्यापासून मुक्या खोक्यांसमोरच नाचला, त्याने घुंगरू नाकारलेले नाहीत. त्याने ते ऐकलेलेच नाहीत. आधी दोन्ही टोके चालू करा, एकच लावणी एकदा अशी आणि एकदा तशी वाजवा, मग त्याला विचारा.

आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहातल्या खोक्यांपासून सुरुवात करता येईल. परीक्षेसाठी यंत्र लागत नाही. एका विद्यार्थ्याने माइकवर दोन्ही 'जरा' म्हणावेत, 'चमचा' म्हणावे, 'चाक' म्हणावे, 'सासू' आणि 'शाश्वत' म्हणावे, तोंड झाकून. शेवटच्या रांगेतल्याने ऐकले ते लिहावे. खोके एकेक करून चालू ठेवावेत म्हणजे मुका कोणता ते कळते. दुरुस्तीनंतर मूठ मध्यावर ठेवून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. आणि झाकण लावण्याआधी त्याच मापाचा एक जादा बल्ब आतल्या भिंतीला चिकटपट्टीने चिकटवून, शेजारी कपॅसिटरची किंमत आणि तारीख लिहिलेला कागद लावून ठेवावा. पुढे कधीतरी कोणी तो खोका उघडेल, तेव्हा त्याला शोधाशोध करावी लागणार नाही.